पहलगामचे मरकबान

पहलगाममध्ये घोडेवाल्याला 'मरकबान' म्हणतात. उर्दू शिकवता शिकवता आमची वीस वर्षे गेली, पण हा शब्द जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला तो तिथल्या घोड्यांच्या तळावरच. 'मरकब' म्हणजे सवारी. स्वार ज्यावर बसतो ते जनावर किंवा वाहन. त्याला सांभाळणारा तो मरकबान. बागवान, दरबान यांच्याच घराण्यातला हा शब्द. पाटीवर मात्र 'पोनी स्टँड' असे लिहिलेले असते आणि पर्यटक 'ए घोडेवाले' अशी हाक मारतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला गेलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. निघण्यापूर्वी घरात बरीच वादावादी झाली. एप्रिल २०२५ मध्ये बैसरनला जे घडले त्यात आपल्या महाराष्ट्राचे सहा जण गेले होते. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. मामूंनी तीनदा फोन करून विचारले, "जायलाच पाहिजे का?" अम्मींनी फोन आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "तिथली माणसे बारा महिने तिथेच राहतात ना? आपण आठ दिवस राहून आलो तर काय बिघडते?" त्यानंतर मामूंचा फोन आला तो थेट अक्रोड आणायला सांगण्यासाठी.

श्रीनगरहून पहलगाम साधारण ९५ किलोमीटर आहे. वाटेत पांपोरची केशराची शेते लागतात. संगमजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विलोच्या लाकडाच्या बॅटी रचून ठेवलेल्या दिसतात. आमच्या चिरंजीवांनी तिथे गाडी थांबवलीच. पुढे लिद्दर नदी सोबतीला येते आणि पहलगामपर्यंत साथ सोडत नाही. गावाची उंची दोन हजार मीटरच्या वर. ऑक्टोबरात उन्हात बसले तर बरे वाटते; सावलीत गेले की लगेच स्वेटर आठवतो.

आडूला जायला इथल्याच टॅक्सी घ्याव्या लागतात, बाहेरची गाडी चालत नाही. अंतर बारा किलोमीटर. तिथून वरच्या कुरणापर्यंत आम्ही घोडे केले. आमच्या मरकबानांचे वय साठीच्या आसपास असेल. मुले त्यांना पहिल्या मिनिटापासून 'चाचा' म्हणू लागली. चाचांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग घोड्यांकडे, आणि मग कुणी कोणत्या घोड्यावर बसायचे ते ठरवले. मुलीला मिळाली एक भुरी, मान खाली घालून उभी असलेली घोडी. मुलगी जरा हिरमुसली, तिला काळा घोडा हवा होता. चाचा म्हणाले, "बेटा, वो जवान है. ये समझदार है."

चढताना पुढे वाकायचे, उतरताना मागे रेलायचे, रिकिबीत फक्त चवडे ठेवायचे आणि लगाम ओढायचा नाही. एवढेच शिक्षण. बाकीचे काम घोडा आणि मरकबान यांच्यात होते. घोडा चिखलात पाय टाकण्यापूर्वी क्षणभर थांबतो, खूर टेकवून पाहतो आणि मग भार देतो. मरकबान सगळी वाट पायी चालतो. दिवसाला तीन फेऱ्या मिळाल्या तर तीनही वेळा पायीच चढतो आणि उतरतो. आम्ही वर पोचून धापा टाकत होतो, चाचा घोड्यांचे तंग सैल करत होते.

परत निघण्याच्या बेतात असताना शेजारच्या टोळीतल्या एक पन्नाशीच्या बाई ओल्या गवतावरून घसरल्या आणि एका दगडावर आपटल्या. घोटा बघता बघता सुजला. बरोबरची मंडळी घाबरून मोबाईल वर धरून रेंज शोधू लागली. तेवढ्यात तीन-चार मरकबान आपापली गिऱ्हाइके सोडून तिथे आले. कुणी कुणाला हुकूम दिला नाही. एकाने पायातला बूट हळूच काढला, दुसऱ्याने मफलरने घोटा बांधला. चाचा आमच्याकडे वळले आणि भुऱ्या घोडीकडे बोट दाखवले. मुलगी खाली उतरली. बाईंना उचलून घोडीवर बसवले. दोघे दोन बाजूंनी आधाराला, चाचा पुढे. ज्या दगडी वाटेने आम्ही चढलो होतो ती सोडून त्यांनी वळसा घेतला. वाट लांब, पण गवताची. हिसका बसू नये म्हणून. टॅक्सीच्या तळावर गाडी आधीच दार उघडून उभी होती, कारण एक पोरगा पुढे धावत गेला होता.

आम्ही शाळेत दरवर्षी आपत्ती व्यवस्थापनाचा तक्ता भिंतीवर लावतो. त्या तक्त्यातल्या बहुतेक पायऱ्या या चौघांनी तोंडातून शब्द न काढता पार पाडल्या.

इथल्या डोंगरात हे नवे नाही. पहलगाम हे अमरनाथ यात्रेच्या जुन्या वाटेवरचे गाव. गुहेचा शोधच मुळी बूटा मलिक या मेंढपाळाला लागला असे परंपरा सांगते. त्याचे बटकोट गाव पहलगामच्या अलीकडेच आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये यात्रा चालू असताना अवेळी बर्फ कोसळला आणि २४० च्या वर यात्रेकरू दगावले. त्या वेळी अडकलेल्यांना आसरा देणारे आणि खाली आणणारे यांत इथले गावकरी आणि घोडेवाले होते. त्यानंतर यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा आली, नोंदणी आली. पण दमलेला, श्वास लागलेला, पाय मोडलेला माणूस उंचावरून खाली येतो तो आजही पुष्कळदा घोड्यावरून किंवा माणसांच्या खांद्यावरूनच.

बैसरन पहलगामपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. तिथे मोटार जात नाही. पायी जायचे, नाहीतर घोड्यावर. २२ एप्रिल २०२५ च्या दुपारी तिथे गोळ्या चालल्या आणि २६ माणसे मारली गेली. त्यात एक मरकबान होता, सय्यद आदिल हुसैन शाह. घरचा कमावता मुलगा, पर्यटकांना वाचवू पाहताना तो गेला. बाकीचे मरकबान त्या दुपारी वर चढले. जीव मुठीत धरून लोक खाली पळत होते आणि ही माणसे उलट दिशेने, त्याच चिखलवाटेने वर जात होती. जखमींना त्यांनी घोड्यांवर घातले, खांद्यावर घेतले. एका मुलाला पाठुंगळी घेऊन धावणाऱ्या शालविक्रेत्याची चित्रफीत तर साऱ्या देशाने पाहिली. छत्तीसगडहून आलेल्या अकरा जणांना त्यांच्या काश्मिरी वाटाड्याने सुखरूप बाहेर काढले, त्यांत लहान मुलेही होती.

आदिलच्या जनाज्याला मुख्यमंत्री उमर अब्दुल्ला आले होते. आपले उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्याच्या घरच्यांना पाच लाख रुपयांची मदत दिली. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सहा घरांत आणि अनंतनाग जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकाच वेळी रडणे चालू होते, हे आम्हाला तिथे उभे राहिल्यावर जास्त जाणवले. त्या दिवसाबद्दल चाचा स्वतःहून काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. आम्ही गेलो तेव्हा बैसरनची वाट बंदच होती.

हल्ल्यानंतर काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. काही पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. दुकान बंद ठेवले तर माल पडून राहतो. घोडा बंद ठेवता येत नाही, तो रोज खातो. "आदमी एक वक़्त कम खा लेगा, इसको कैसे समझाऊँ?" चाचा म्हणाले. हंगामात कमवायचे आणि बर्फाच्या दिवसांत घोड्याला पोसायचे असा त्यांचा हिशेब. ऐन एप्रिल-मेचा हंगाम हातचा गेला की पुढचा हिवाळाही गेला. तळावर घोडे पुष्कळ आणि स्वार थोडे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

अमेरिकेत अनेक ठिकाणी घोडेस्वार स्वयंसेवकांची शोध आणि बचाव पथके आहेत. तिथले शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, रानात कुणी हरवले की त्यांना बोलावतात. स्वयंसेवक स्वतःचा घोडा घेऊन येतात, मोबदला घेत नाहीत. उंच गवताच्या वरून स्वाराला दूरचे दिसते आणि झुडपात माणूस असेल तर घोड्याचे कान आधी तिकडे वळतात. फरक इतकाच की त्या लोकांना सरावाचे दिवस ठरलेले असतात, प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण असते, हातात बिनतारी संच असतो. आडूच्या कुरणावर मफलर होता. शेकडो घोडे, प्रत्येक वाट पाठ असलेली माणसे आणि मदतीला धावण्याची जुनी सवय एवढे सगळे जिथे आयते आहे, तिथे प्रत्येक तळावर एक स्ट्रेचर, एक औषधपेटी आणि वर्षातून आठवडाभराचे शिक्षण द्यायला असा किती खर्च येणार? यात्रेच्या काळात पहाडी बचाव पथके तैनात असतात, ते चांगलेच आहे. पण यात्रा काही आठवड्यांची, आणि पर्यटक पाय घसरून पडतो तो वर्षभर.

जाणाऱ्यांसाठी थोडे: घोडा करताना तळावरचा दरफलक आधी पाहावा आणि त्याप्रमाणे पैसे द्यावेत, पाव किंमतीपासून घासाघीस सुरू करू नये. वडीलधाऱ्यांना शांत घोडा मागून घ्यावा, मरकबान नाही म्हणत नाहीत. चपला घालून अजिबात जाऊ नये.

हिशेब करायच्या वेळी चाचांनी भुऱ्या घोडीचे अर्धेच पैसे घेतले. उतरताना मुलगी पायी आली होती, म्हणून. आम्ही पूर्ण घ्या म्हणालो, त्यांनी मान हलवली. शेवटी अम्मींनी उरलेल्या नोटा त्यांच्या हातात कोंबल्या आणि म्हणाल्या, "घोड़ी के दाने के लिए." त्यावर मात्र त्यांना काही बोलता आले नाही.