पायलट ज्योत विझते तेव्हा

ब्रिटनमधील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा बैठकीच्या खोलीतील शेकोटीमागे गॅसचा जो बॉयलर बसवलेला असतो, त्याचे काम मराठी वाचकाला बंबावरून चटकन उमगेल. बंबात मधल्या नळीतील विस्तवाने भोवतालचे पाणी तापते. बॉयलरात बर्नरवर तापलेले पाणी पंपाच्या जोरावर खोल्याखोल्यांतील रेडिएटरांमधून, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ पोलादी पट्ट्यांमधून, फिरत राहते आणि घर उबदार ठेवते. हा बर्नर दिवसातून कितीतरी वेळा पेटतो व बंद होतो, आणि दर वेळी कोणी काडी घेऊन उभे राहू शकत नाही, म्हणून जुन्या बॉयलरांत अंगठ्याच्या पेराएवढी एक ज्योत रात्रंदिवस तेवत ठेवलेली असते. तिलाच पायलट ज्योत म्हणतात. चुलीतला निखारा रात्री राखेखाली पुरून ठेवायचा आणि पहाटे फुंकर घालून त्याच्यावरच चूल पेटवायची, या घरोघरच्या रीतीमागे जी गरज होती तीच येथेही आहे. ही ज्योत विझली की रेडिएटर गार पडतात, नळाला गरम पाणी येत नाही आणि घरातील माणसाला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे ज्योत पुन्हा लावणे. गॅसकामाच्या कसबात मात्र ज्योत लावणे हा सर्वांत सोपा भाग आहे. ती का विझली हे ओळखणे, आणि ओळखेपर्यंत हात आवरणे, यात कारागिराची खरी परीक्षा असते.

ज्योत विझल्यावर गॅस घरात पसरत राहत नाही, याचे श्रेय थर्मोकपल नावाच्या एका साध्या भागाला आहे. थर्मोकपल म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंचा जोड. त्याचे एक टोक तापले आणि दुसरे गार राहिले की त्यात विजेचा अगदी क्षीण दाब निर्माण होतो. थॉमस योहान झेबेक या शास्त्रज्ञाला हा परिणाम १८२१ मध्ये बर्लिन येथे आढळला, आणि जोड तापवताच शेजारची होकायंत्राची सुई हलते हे पाहून त्याने हा चुंबकत्वाचाच प्रकार असल्याचे मानले. त्यामागे विजेचा प्रवाह आहे हे पुढे स्पष्ट झाले. बॉयलरात या प्रवाहाकडून आजही चुंबकाचेच काम घेतले जाते. ज्योतीत तापलेले थर्मोकपल साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट दाब देते, म्हणजे बॅटरीच्या एका सेलच्या दाबाचा पन्नासावा किंवा साठावा भाग. एवढ्याशा बळावर व्हॉल्व्हमधील चुंबक गॅसची झडप स्वतःकडे ओढू शकत नाही, परंतु बोटाने दाबून जवळ आणून दिलेली झडप धरून ठेवू शकतो. ज्योत लावताना बटण अर्धा-एक मिनिट दाबून का धरावे लागते, याचा उलगडा येथे होतो: थर्मोकपल तापेपर्यंत चुंबकाचे काम बोटाने करायचे असते. ज्योत विझली की टोक निवू लागते, प्रवाह ओसरतो, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप मिटवते. त्या वेळी व्हॉल्व्हमधून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. जाणता कारागीर ज्योत मुद्दाम विझवून या आवाजाची वाट पाहतो आणि मनात सेकंद मोजतो. आवाज फार लवकर आला तर थर्मोकपल थकले असल्याची शंका येते, आणि एका मिनिटाच्या आसपास तो आलाच नाही तर तो व्हॉल्व्ह त्या घरात ठेवणे धोक्याचे ठरते.

झडप मिटण्यापूर्वी थोडा गॅस बर्नरच्या कोठीत साचलेला असू शकतो, म्हणून ज्योत पुन्हा लावण्याआधी बटण ‘बंद’वर नेऊन निर्मात्याने सांगितलेला वेळ, बहुधा तीन ते पाच मिनिटे, थांबावे लागते. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असल्याने हवेपेक्षा हलका असतो व वर निघून जातो. सिलिंडरातील एलपीजी मात्र जड असल्याने जमिनीलगत, कोपऱ्यात आणि कपाटाखाली साचून राहतो, आणि अशा घरात वास घेण्यासाठी खाली वाकणे क्रमप्राप्त असते. हा वासही मुळात गॅसचा नव्हे. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेल्या वायूच्या गळतीने स्फोट झाला, त्यात सुमारे तीनशे जीव गेले आणि त्यांत बहुसंख्य मुले होती. त्यानंतर तेथे गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले. वास येत असताना काडी ओढणारा माणूस त्या मुलांच्या मृत्यूतून मिळालेली सूचना पायदळी तुडवतो, इतक्या स्पष्ट शब्दांत हे सांगायला हवे.

ज्योत कधी विझते, या प्रश्नाच्या उत्तरात निदानाचा मोठा भाग येऊन जातो. बटण सोडताक्षणी ती विझत असेल तर दोष थर्मोकपलात, त्याच्या जोडात किंवा चुंबकात शोधावा. पुष्कळदा थर्मोकपलाचा नट केवळ सैल झालेला असतो आणि तो हाताने बसवून पान्ह्याने जेमतेम पाव फेरा आवळला की काम होते. जोर लावून आवळल्यास आतील विद्युतरोधक चकती चेपते आणि चांगले थर्मोकपलही निकामी ठरते. ज्योत तासन्तास नीट जळून वादळी रात्रीच विझत असेल, तर धुराड्यातून खाली येणाऱ्या उलट्या वाऱ्याकडे लक्ष जावे. मुख्य बर्नर पेटतानाच ती जात असेल, तर गॅसचा दाब पुरत नाही की धुराडे तुंबून हवा कोंडते, हे मोजून पाहावे लागते. दिवसागणिक लहान होत जाणारी ज्योत जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर येण्याच्या सूक्ष्म छिद्रात, कचरा अडकल्याचे सांगते. निरोगी ज्योत निळी, ताठ आणि किंचित फुरफुरणारी असते व थर्मोकपलाच्या वरच्या सुमारे एक सेंटिमीटर भागाला चहूबाजूंनी कवेत घेते; पिवळी, मऊ, इकडेतिकडे झुलणारी ज्योत हवेच्या वाटेत धूळ आणि तंतू बसल्याची खूण असते.

जेट साफ करताना त्यात सुई घालण्याचा मोह घातक आहे, कारण पितळेचे ते छिद्र सुईने तसूभर जरी मोठे झाले तरी ज्योतीचे सारे गणित बदलते. या छिद्राचे महत्त्व ब्रिटनने देशपातळीवर अनुभवले आहे: १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशापासून बनवलेल्या गॅसच्या जागी उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू आला, तेव्हा मिथेनची ज्वलनाची गती निराळी असल्याने कारागिरांना घरोघरी जाऊन शेगड्यांचे आणि बॉयलरांचे बर्नर व जेट बदलावे लागले. जेट हवेच्या झोताने साफ करावे, आणि तेवढ्याने न भागल्यास बदलावे.

पिवळ्या ज्योतीची आणि उलट्या वाऱ्याची गाठ पडते तेथे प्रश्न गार पाण्यापुरता राहत नाही. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात पायलट ज्योतीचा बॉयलर क्वचितच दिसेल, पण हा धोका तेथील न्हाणीघरांतही आहे, कारण बंद खिडकीच्या न्हाणीघरात धुराड्याविना चालणारा गॅस गिझर हेच विष सोडू शकतो. ‘गिझर’ हे नाव बेंजामिन वॉडी मॉन याने लंडनमध्ये १८६८ साली आइसलंडच्या उष्ण झऱ्यांवरून आपल्या यंत्राला दिले, आणि त्याच्या त्या पहिल्या यंत्रालाही धुराडे नव्हते. दीडशे वर्षांपूर्वीची ती उणीव आजही काही घरांतून मुकाट्याने चालवून घेतली जाते, ही फार खेदाची गोष्ट आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नव्याने बसवायचे गॅस बॉयलर, थोडे अपवाद वगळता, धुरातील उष्णताही वापरणारे असणे बंधनकारक झाले, आणि अशा बॉयलरांत ठिणगीने बर्नर पेटत असल्याने कायमची ज्योत लागत नाही. शंभर वॅटची ज्योत वर्षभर तेवत ठेवली तर ८७६ युनिट उष्णता खर्ची पडते, हे पाहता पायलट ज्योतीचे जाणे योग्यच आहे. तरीही जुने बॉयलर असंख्य घरांत टिकून आहेत, आणि भाड्याच्या जुन्या घरात पहिला हिवाळा काढणाऱ्या मराठी कुटुंबालाही त्यांच्याशी गाठ पडू शकते. अशा घरात पुस्तिकेतील क्रमाने ज्योत लावण्याची मुभा राहणाऱ्याला असते. आवरण उघडून गॅसच्या भागांना हात लावण्याचे काम मात्र कायद्याने नोंदणीकृत कारागिराचे आहे, आणि १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये ही नोंदणी गॅस सेफ रजिस्टरकडे होते.

ज्या घरात असा बॉयलर आहे तेथील माणसांनी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र त्याच खोलीत लावावे आणि बॉयलरशेजारी एक कागद टांगून ठेवावा. ज्योत विझली की तारीख, वेळ, बाहेरचा वारा, बर्नर चालू होता की बंद, आणि विझण्याआधी ज्योतीचा रंग कसा दिसला, एवढे त्यावर लिहावे. ज्योत दुसऱ्यांदा विझली तर पुन्हा काडी न लावता बॉयलर बंद करावा, आणि येणाऱ्या कारागिराच्या हाती आधी तो कागद द्यावा.