देवघरातला परदेशी सिंह

‘तुम्ही इथले केव्हापासूनचे?’ हा प्रश्न सीमाभागातील जुन्या मराठी कुटुंबांना नवा नाही. त्याचे उत्तर कोणी सनदेत शोधतो, कोणी कुळाच्या वहीत. लोंढ्याच्या आमच्या घरात ते एका तांब्याच्या नाण्यात आहे असे मानले जाई. मूळपुरुष वेंगुर्ल्याच्या डच वखारीत चाकरीला होता आणि तेथे मिळालेले नाणे कनवटीला लावून रामघाटाने वर आला, ही घरातली परंपरा. नाणे देवघरात असल्यामुळे त्याची कोणी कधी चिकित्सा केली नाही.

सेवानिवृत्तीनंतर मी कुलवृत्तांत लिहावयास घेतला. महसूल खात्यातील नोकरीने एक शिस्त अंगी बाणवली होती: तोंडी सांगणे आदराने ऐकावे, परंतु नोंद पाहिल्यावाचून शेरा मारू नये. तीच शिस्त येथे लावली.

नाण्याच्या एका अंगाला मुकुट असलेली ढाल आणि तीत लाटांतून अर्धा वर आलेला सिंह आहे. दुसऱ्या अंगाला मोठ्या ‘व्ही’च्या दोन बाहूंवर ‘ओ’ आणि ‘सी’ गुंफलेले असून खाली १७८९ हे साल आहे. ही १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा.

क्राउझ व मिशलर यांच्या जागतिक नाणेसूचीत हे नाणे भारताखाली सापडत नाही आणि नेदरलँड्सखालीही नाही. त्यासाठी ‘नेदरलँड्स ईस्ट इंडीज’ हे प्रकरण उघडावे लागते. तेथे प्रांतांची चिन्हे पाहावयाची. हॉलंडच्या ढालीत सबंध सिंह, वेस्ट फ्रीजलंडच्या ढालीत दोन सिंह. लाटांतून वर येणारा सिंह झीलंडचा. नाण्याचे नाव डॉइट. शोल्टेन यांच्या १९५३ च्या ग्रंथातही डच वसाहतींच्या नाण्यांची अशीच पद्धतशीर मांडणी आहे.

खरा उलगडा या मुद्रेच्या इतिहासात आहे. मायदेशी आठ डॉइटांचा एक स्टायव्हर होई, तर पूर्वेकडील वसाहतीत चारच डॉइटांचा. साहजिकच खलाशी आणि व्यापारी साधे डॉइट चोरून नेऊन दुप्पट किंमत वसूल करीत. त्याला आळा घालण्यासाठी १७२६ पासून कंपनीची मुद्रा असलेले वेगळे डॉइट पाडले जाऊ लागले. वेंगुर्ल्याची वखार मात्र १६३७ ची, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी ती सोडली होती. म्हणजे त्या वखारीच्या तिजोरीत हे नाणे असणे शक्यच नव्हते. कोचीन १६६३ पासून १७९५ पर्यंत डचांकडे होते. तिकडून किनाऱ्याच्या व्यापारातून ते वर आले असावे, एवढाच तर्क करता येतो.

कुलवृत्तांतातून वखारीचे वाक्य मी वगळले, तेव्हा थोरले बंधू कष्टी झाले. ‘एवढा एकच पुरावा होता रे आपल्याजवळ,’ ते म्हणाले. त्यांचे दुःख मला समजते. पण मूळपुरुष वेंगुर्ल्याहून आला नाही असे नाणे सांगत नाही. त्या गोष्टीची साक्ष देण्यास ते पात्र नाही, इतकेच. आपले इथले असणे येथे कसलेल्या जमिनीवर, शिकवलेल्या पिढ्यांवर आणि घरात टिकवलेल्या भाषेवर उभे आहे. त्याला खोट्या साक्षीदाराचा टेकू दिला, तर उलटतपासणीत खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

कुलवृत्तांतात आता नाण्याची स्वतंत्र नोंद आहे: धातू, प्रांत, साल आणि ‘घरात कसे आले, अज्ञात’. ही नोंद बंधूंनी वाचली आणि खाली आपली सही केली.