आजाराच्या हिशेबातील कोरा रकाना

अर्थशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाजारभाव, बँकेचे व्याजदर आणि सरकारी अंदाजपत्रक उभे राहते. आरोग्य म्हटले की दवाखाना, औषध आणि पथ्यपाणी आठवते. या दोहोंच्या सीमेवर जो विषय आहे, त्याला आरोग्य अर्थशास्त्र म्हणतात. माझे सारे अध्यापन आणि संशोधन याच विषयात झाले. नागपूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आणि रामटेकला, वडिलांच्या घरी परतले. अंबाळा तलावाच्या काठी सकाळी फिरताना भेटणारे समवयस्क मला विचारतात, "तुमच्या त्या शास्त्रात आम्हा म्हाताऱ्यांच्या उपयोगाचे काही आहे का?" आहे, असे माझे नम्र मत आहे. त्यासाठी या शास्त्राला काय मोजता येते आणि त्याच्या मापातून काय निसटते, हे दोन्ही आपण जाणून घ्यायला हवे.

खर्च वाढला म्हणजे घर सुखी झाले?

आमच्या पिढीतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांच्या १९७१ सालच्या अभ्यासाचा मोठा प्रभाव होता. पुण्याच्या गोखले संस्थेतील या दोन अभ्यासकांनी माणसाला दररोज २२५० उष्मांक देणारे अन्न परवडण्यासाठी घराचा एकूण खर्च किती असावा लागतो, हे पाहून दारिद्र्याचे मोजमाप केले. घराचा खर्च त्या पातळीच्या वर असेल तर ते घर गरीब नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. देशातील दारिद्र्याची चर्चा पुढे अनेक वर्षे याच वाटेने चालली.

गावोगावी पाहणी करू लागल्यावर या मापातील एक विसंगती माझ्या ध्यानात येऊ लागली. मनसरच्या बाजूला धानाची शेती करणारे एक कुटुंब होते. घरातील बाईच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी बैलजोडी विकली, शिवाय काही रक्कम व्याजाने काढली. त्या वर्षी त्या घराचा खर्च अर्थातच खूप वाढला. आमच्या तक्त्यात ते कुटुंब गरिबांच्या रांगेतून उठून वरच्या गटात जाऊन बसले! प्रत्यक्षात पुढच्या हंगामात नांगरणीसाठी दुसऱ्याचे बैल भाड्याने आणावे लागले आणि व्याज फेडता फेडता मोठ्या मुलाची शाळा सुटली. औषधोपचारावरचा खर्च हा पोट भरण्याच्या खर्चासारखा नसतो. तो घराला वर नेत नाही, खाली खेचतो. म्हणून तो एकूण खर्चातून वजा करून मगच घराची स्थिती ठरवावी, हा विचार पुढे जगभरच्या अभ्यासकांनी मांडला आणि तो आता बराच रुजला आहे.

वांगी आणि उपचार

दुसरा धडा केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या निबंधातला. बाजारात वांगी घेताना आपण ती उलटून पाहतो, भाव करतो, पटले नाही तर पुढच्या दुकानात जातो. उपचाराचे तसे नसते. काय घ्यायचे, किती घ्यायचे, हे ज्याच्याकडून घ्यायचे तोच सांगतो. गरज केव्हा उद्भवेल हे आधी कळत नाही, आणि ती उद्भवते तेव्हा भाव करण्याची मनःस्थिती नसते. म्हणून ऐन आजारपणात उभा केलेला पैसा सर्वांत महाग पडतो, आणि आजारापूर्वी थोडाथोडा जमवलेला पैसा सर्वांत स्वस्त. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ही गोष्ट विदर्भातील शेतकऱ्याच्या जीवनक्रमाशी किती सुंदर जुळवली! सुगीच्या दिवसांत, हातात धान्य असताना, गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी द्यायची आणि वर्षभर उपचाराचा आधार मिळवायचा. विम्याचे तत्त्व यापेक्षा सोप्या भाषेत मला वर्गात कधी सांगता आले नाही.

या साऱ्या अभ्यासाचा परिणाम धोरणांवर झाला, हे मान्य केले पाहिजे. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही त्या वर्षी दर शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातूनच गेले. दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांत तर औषधांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांच्या गोळ्या महिन्यामागून महिने घेणाऱ्या आपल्या वयाच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

जे बिलावर येत नाही

आता त्या निसटणाऱ्या भागाकडे वळते. घरातील आजाराची पाहणी करताना प्रश्न ठरलेले असतात. वर्षभरात कोणी रुग्णालयात दाखल झाले का? गेल्या पंधरा दिवसांत कोणी आजारी होते का? डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, खाट, प्रवास यांवर किती खर्च झाला? काही पाहण्यांत बुडालेल्या मजुरीचीही विचारणा होते. परंतु जिला मजुरी मिळतच नाही, तिचे काय बुडाले हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

हा प्रश्न मला माझ्याच घराने शिकवला. माझ्या आईला पक्षाघात झाला आणि त्यानंतर पाच वर्षे ती अंथरुणावर होती. मी नागपूरला, धाकटा भाऊ पुण्याला. रामटेकच्या घरी थोरला भाऊ आणि वहिनी. औषधांचे पैसे आम्ही तिघे भावंडे वाटून घेत होतो आणि हिशेब चोख होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे बारा वेळा. वर्षाकाठी ४३८० वेळा. त्यातल्या रात्रीच्या बहुतेक खेपा वहिनीच्या होत्या. भरवणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, नळीतून पाणी देताना ठसका लागू नये म्हणून जपणे, हे सारे त्याखेरीज. आमच्या चोख हिशेबाच्या वहीत यातली एकही ओळ नव्हती.

चौथ्या वर्षी वहिनीला चक्कर आली, तेव्हा तिचा रक्तदाब खूप वाढलेला आढळला. कंबरदुखी दोन वर्षांपासूनची होती. "दाखवलं का नाहीस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "आईले सोडून जाऊ कशी?" आजारी माणसामागे आणखी एक माणूस हळूहळू आजारी पडत होते आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

हे केवळ आमच्या घरचे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील घरच्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्या कामी दिवसाला सुमारे १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे देतात असे आढळले. यात मुलांचे संगोपनही आले. मात्र वयोगट पुन्हा एकदा पाहा. पंचाहत्तरीच्या पतीला उठवून बसवणारी सत्तरीची पत्नी या आकड्यात नाही. आमच्या गल्लीतच अशी तीन घरे आहेत.

घरच्या काळजीला शास्त्रीय मोल नसते, असे कोणी म्हणेल तर त्याला मी गडचिरोलीकडे बोट दाखवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची पद्धत उभारली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यूंच्या दरात ६२ टक्क्यांची घट. तेथे काळजी घेणारीला शिक्षण मिळाले, साधने मिळाली आणि तिचे काम मोजले गेले. पाळण्यातल्या जिवाला जे लागू पडते, ते खाटेवरच्या वृद्धालाही लागू पडावे, अशी माझी धारणा आहे.

घरात ठेवायची एक वही

वहिनीच्या आजारानंतर आम्ही भावंडे एकत्र बसलो. मी तीन रकाने आखलेली वही मांडली: पैसा, वेळ, शरीर. वहिनी हसली. म्हणाली, "मोजाले काय लागते, ताई? पन मोजलेलं वाचनार कोन?" तिचा प्रश्न रास्त होता, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही सर्वांसमोर वाचायची असे ठरले. दुसऱ्याच महिन्यात रात्रीच्या खेपांची संख्या ऐकून धाकट्या भावाने मदतनीस बाईचा पगार स्वतःकडे घेतला; थोरल्याने पहाटेच्या दोन खेपा घेतल्या; सुट्ट्यांत मी येऊन राहू लागले. वहिनी चार वर्षांत प्रथमच आठ दिवस मौद्याला माहेरी जाऊन आली. आई पुढच्या वर्षी गेली. वहिनीची कंबर पूर्ववत झाली नाही, पण रक्तदाब आटोक्यात आहे.

आपणही अशी वही ठेवावी, ही माझी विनंती. पहिल्या रकान्यात पैसा. औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावा आणि दर भेटीत डॉक्टरांना दाखवून विचारा, की यातले कोणते औषध आता बंद करता येईल, कोणते जनऔषधी केंद्रात मूळ नावाने स्वस्तात मिळेल. त्यांना न विचारता बदल मात्र करू नका. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या नियमित तपासणीसाठी पन्नासेक किलोमीटरवरचे नागपूर गाठण्याची दर वेळी गरज नसते. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून असते. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दरमहाच्या गोळ्यांची तजवीज वेगळी करावी लागते.

दुसऱ्या रकान्यात वेळ. रात्री कोण किती वेळा उठले, दवाखान्यात कोणाचा दिवस गेला, एवढे लिहिले तरी पुरे. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नको. ज्याला रात्र देता येत नाही त्याने पैसा द्यावा, ज्याला पैसा देता येत नाही त्याने दुपार द्यावी. पण काय दिले जाते आहे, हे सर्वांना दिसू द्यावे.

तिसरा रकाना शरीराचा, आणि तो काळजी घेणाऱ्याच्या शरीराचा. तिचा रक्तदाब, तिची साखर, तिची झोप. महिन्यातून एकदा तिलाही कोणीतरी डॉक्टरांकडे घेऊन जावे. तिची सुट्टी ही मेहेरबानी समजू नये. ती त्या घरातल्या उपचाराचाच भाग आहे.

शेवटी माझ्या समवयस्कांना एक सांगते. मुलांना खर्च नको म्हणून आपण दुखणे लपवतो. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हा बहुधा आतबट्ट्याचा व्यवहार असतो. वेळीच घेतलेली रक्तदाबाची गोळी आणि पक्षाघातानंतरची पाच वर्षे यांची तुलना माझ्या घराने करून पाहिली आहे. म्हणून दुखणे सांगा, वेळेवर तपासून घ्या. आणि आपल्यासाठी रात्री जे कोणी उठते, त्याला सकाळी विचारा, "तुझी झोप झाली का?" उत्तर वहीत लिहा. नाही म्हणाली, तर त्या दिवशी दुपारी तिला झोपू द्या.