आईंचा आवाज

सासूबाईंनी सांगितलेली लोणच्याची कृती माझ्या जुन्या फोनमध्ये होती, एएमआर फाईलमध्ये. आई गेल्या, एवढाच आवाज उरला. नव्या फोनवर ती फाईल वाजेना. लेकाने एमपीथ्री करून दिली, तर आवाज आणखी घोगरा!

एएमआर बोलण्यापुरतं बनलेलं. सेकंदाला ८००० नमुने घेतं, बोलणं कळेल एवढं ठेवून बाकी गाळतं. एमपीथ्री त्यातलंही गाळतं. आपण पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडतो. इथे गाळलेलं परत मिळत नाही.

नशीब, मूळ फाईल पुसली नव्हती. तिची डब्ल्यूएव्ही केली. फाईल मोठी झाली, आवाज सुधारला नाही. पण होता तेवढा सगळा राहिला.

"मीठ हाताला कळतं गं," आई म्हणतात.

मैत्रिणींनो, मूळ फाईल जपा.