नावाचा बैल आणि अनोळखी गाडा

यात्रेच्या आदल्या दिवशी टोकनाच्या चिठ्ठ्या निघाल्या की पारावर एकच विषय असतो: उद्या घाटाचा राजा कोण? दोन-चार नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. मग पैजा लागतात, कुणाची मटणाच्या जेवणाची, कुणाची रोकड. गाडा जुंपण्यात माझी उमर गेली, म्हणून पोरं मलाही गाठतात. ‘बापू, कुणावर लावायचं?’ मी बैलाचं नाव घेत नाही. पुढं कोणती जोडी आहे, घोडी कुणाची आहे आणि पळायची बारी कितवी, एवढं आधी विचारतो.

शिरूरच्या वरच्या अंगाला, केंदूर-पाबळपासून मलठण-कवठ्यापर्यंत, घाटातला गाडा पळतो. दोन बैल मागं, दोन पुढं आणि त्यांच्यापुढं स्वारासकट घोडी. गाड्यावर हाकणारा कुणी नाही. चढ संपून निशाण येईपर्यंत सगळा मिळून पंधरा सेकंदांच्या आतबाहेरचा मामला. भीमा ओलांडून दौंडात उतरलं की रान सपाट. तिथं घाट कुठून आणणार? त्या अंगाला साताऱ्या-सांगलीकडच्या रीतीचा छकडा: दोन बैल, वर हाकणारा, आधी गट, मग सेमी, मग फायनल. तिथं एका बैलाच्या नावावर पैज लावणाऱ्याला थोडा तरी आधार असतो, कारण चुकलं-माकलं सावरायला वर माणूस आहे. घाटात एकदा बैल सुटले की सावरणारं कुणी नाही.

म्हणून मी घाटाच्या खालच्या टोकाला उभा राहतो. जुंपणी चालू असताना नामांकित खिलाराकडं सगळं गाव बघत असतं. मी त्याच्या शेजारचा बैल बघतो. जू मानेवर आलं की तो मागचे पाय आवळतो की आडवा सरकतो? कान घोडीकडं लागलेत की हलगीकडं? पुढच्या जोडीतला एक जरी बैल घोडीऐवजी गर्दीकडं बघत असेल, तर मागं कितीही नावाजलेलं जनावर असो, पहिल्या दहा पावलांत दोरी तिरकी होणार आणि तिथंच अर्धा सेकंद गेला. घाटात अर्ध्या सेकंदानं नंबर पार खाली जातो. त्यात सकाळची बारी असेल तर माती बसलेली असते. दुपार कलली की खुरांनी ती भुसभुशीत होते आणि अंगानं जड बैलाचा पाय रुततो.

हे सगळं जुळतं ते बहुतेक वेळा बिननावाच्या गाड्यात. दोन भाऊबंदांचे चार बैल, एकाच गोठ्याच्या वैरणीवर वाढलेले, वर्षभर एकाच घोडीमागं पळवलेले. नामांकित बैल आज या मालकाच्या गाड्यात, उद्या त्याच्या. आदल्या रात्री टेम्पोतून उतरलेला बैल परक्या जोडीशी एका सकाळीत कसा जुळणार? लोक नावावर लावतात. नाव एकाचं असतं, पळायचं पाच जनावरांना असतं.

विलायतेत अडथळ्यांवरून घोडे उडवण्याच्या शर्यती होतात, तिथलीही गत वेगळी नाही. 1967 साली एन्ट्री इथल्या ग्रँड नॅशनल शर्यतीत स्वार पडलेला एक मोकळा घोडा तेविसाव्या अडथळ्यासमोर आडवा आला आणि मागून येणारे सगळे एकमेकांवर आदळले. फॉइनाव्हॉन नावाचा घोडा मागं राहिला होता, म्हणून त्याला वाट सापडली. एकास शंभर भावाचा तो घोडा जिंकला. अडथळे जितके जास्त, तितकी फेव्हरिटची खात्री कमी. आमच्या घाटात उडी नाही, पण पाच जनावरांचा मेळ हा काही साधा अडथळा नव्हे.

पैशाच्या पैजेबद्दल मात्र माझं मन कडू आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावायला कायद्याची परवानगी आहे. यात्रेत लावले तर तो जुगार. पण मला खटकतं ते कायद्यापलीकडचं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा दावणीचे चांगले चांगले बैल बाजारात गेले. काहींना गिऱ्हाईकही मिळालं नाही. 16 डिसेंबर 2021 ला तात्पुरती मुभा मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. त्या कायद्यात काठी, चाबूक, विजेचा धक्का, काही चालत नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची तपासणी लागते. पैशाची पैज हेच नियम मोडायला लावते. बैल हरला म्हणून जेवण घालणारा माणूस हसत घरी जातो. पन्नास हजार लावलेला माणूस जुंपणीच्या वेळी दोरीच्या आत घुसतो आणि कुणाच्या तरी कानात सांगतो, ‘जरा टोच की.’ अशा माणसाला मी हाताला धरून बाहेर काढतो, मग तो कितीही मोठा असो.

पोरांना मी एवढंच सांगतो, की लावायचंच असेल तर जेवण लावा, आणि चिठ्ठ्या निघाल्या त्या रात्री नाही. सकाळी वरच्या मांडवात खुर्ची धरू नका, खाली या. बैल टेम्पोतून उतरताना बघा, पाणी पिताना बघा, घोडी समोर आल्यावर बघा. मग तुमच्या तोंडी येईल ते नाव बहुधा आदल्या रात्रीच्या यादीत नसेल.