इंजिन सर्वांत शेवटी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हांस ग्वाल्हेरीस जाण्याचा योग आला. आमची थोरली बहीण लग्न होऊन तिकडे गेली, त्यास आता वीस वर्षे होत आली. हजीरा नावाच्या भागात तिचे बिऱ्हाड आहे. जवळच मोहम्मद गौस यांचा भव्य मकबरा आणि त्याच्याच आवारात मियाँ तानसेनाची साधीशी कबर. पलीकडे बंद पडलेल्या कापड गिरणीचा परिसर. आणि डोक्यावरून महाराजपूरच्या तळावरील वायुदलाची विमाने कानठळ्या बसवीत जातात. अशा वस्तीतील एखाद्या मुलास उडण्याचे वेड लागले तर नवल ते कसले? आमच्या भाच्यास ते लागले होते.

आमच्या घरची भाषा कोंकणी. प्रवासाची धूळ झटकून होते न होते तोच ताईने आम्हांस स्वयंपाकघरात नेले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताका तूंच सांग. म्हजें तो आयकना." त्याला तूच सांग, माझे तो ऐकत नाही, असा त्याचा अर्थ. काय सांगावयाचे ते तिने बोटानेच दाखविले. घरामागे एका मोटार मिस्त्रीचे गॅरेज आहे. तेथे लोखंडी घोडीवर मारुती ८०० गाडीचे जुने इंजिन बसविले होते. चिरंजीवांनी साठविलेल्या पैशांतून ते भंगारातून विकत घेतले होते. भिंतीशी दीड मीटर लांबीचा लाकडी पंखा उभा होता; तोही त्यांनीच स्वहस्ते तासलेला. विमान अद्याप कागदावर होते. परंतु येत्या रविवारी इंजिनास पंखा बांधून तो फिरवून पाहावयाचा, असा बेत ठरलेला होता.

येथे आमचा एक अपराध कबूल करणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी या मुलाने आपला मनोदय आम्हांस पत्राने कळविला होता. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. उत्तरादाखल चार पाने लिहिली. त्यांत गरुड होता, निळे आकाश होते, पंखांतले बळ होते. फक्त एकही आकडा नव्हता. ते पत्र त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले होते. ते पाहिले आणि आम्हांस प्रथमच भीती वाटली.

'नको' एवढा एक शब्द उच्चारणे सोपे होते. पण तो शब्द त्याच्या आईने शंभरदा उच्चारला होता व त्याचा उपयोग झाला नव्हता. शिवाय त्याचे म्हणणे मुळातच खोटे नव्हते. तो म्हणाला, "मामा, तुम्हांला ठाऊक आहे का? अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोल नावाच्या गृहस्थाने १९२९ साली फोर्ड 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन आपल्या घरी बांधलेल्या लाकडी विमानाला बसवले आणि ते उडवले. फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनावर तर घरी बांधलेली कितीतरी छोटी विमाने उडतात. मग मारुतीचे इंजिन का नको?"

आम्ही निरुत्तर झालो. कला शाखेच्या पदवीधरास याचे उत्तर कोठून यावे? तेव्हा आम्ही एक युक्ती केली. रविवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मिळेल ते वाचावयाचे, मिस्त्रीला विचारावयाचे आणि जे समजेल ते वहीत मांडावयाचे, असे मामाभाच्यांत ठरले. वहीत न बसणारी गोष्ट इंजिनासही बसवावयाची नाही, ही अट त्याने मान्य केली.

पहिल्या दिवशी आम्ही एक गणित मांडले. पंख्याची लांबी दीड मीटर. म्हणजे त्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ४.७१ मीटर अंतर तोडते. मारुतीचे हे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आपली पूर्ण शक्ती देते ते मिनिटास पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांवर. पंखा थेट इंजिनास बांधला व तो पाच हजार फेऱ्यांनी फिरला, तर टोकाचा वेग सेकंदास ३९२ मीटर! हवेत ध्वनीचा वेगच मुळी सुमारे ३४५ मीटर. पंख्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचले की हवेचा विरोध भयंकर वाढतो, शक्ती ओढण्याऐवजी आवाजात वाया जाते आणि लाकडावर नको तेवढा ताण पडतो. फोर्डचे जुने इंजिन मोठे आणि संथ होते; दोन हजारांच्या आतबाहेर फेऱ्यांवरच ते आपले काम करी, म्हणून पीटेनपोलला पंखा थेट जोडता आला. आपल्या इंजिनास मात्र मध्ये दातेरी चक्रे किंवा पट्टा घालून पंख्याचे फेरे निम्म्यावर आणावे लागतील. लहान विमानांत आज सर्रास वापरले जाणारे रोटॅक्स ९१२ हे इंजिनही मिनिटास ५८०० फेरे फिरते. पण त्याच्या चक्रांच्या २.२७ या प्रमाणामुळे पंखा फिरतो तो सुमारे २५५० फेऱ्यांनी.

"मग पट्टा घालू!" चिरंजीव उत्साहाने उद्गारले.

त्या सायंकाळी आम्ही तानसेनाच्या कबरीपाशी बसलो होतो. आम्ही त्यास सरोदाविषयी विचारले. ग्वाल्हेरचा मुलगा, त्याने सरोद पाहिलेला होता. मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. परंतु मुख्य तारेतून त्यांच्या जोडीचा स्वर निघाला की त्या आपोआप झंकारू लागतात. यंत्राचेही तसेच आहे. इंजिन सलग जोर देत नाही, ते ठोके देते. तीन सिलिंडरचे इंजिन दर दोन फेऱ्यांत तीन ठोके देते. म्हणजे मिनिटास हजार फेऱ्यांवर सेकंदास पंचवीस ठोके. पट्टा, दांडा आणि पंखा या जोडणीचाही स्वतःचा एक कंप असतो. ठोके त्या कंपाच्या जोडीस आले की सारी जोडणी तरफेच्या तारेप्रमाणे थरारते. फरक इतकाच की तार गाते आणि दांडा पिळून तुटतो. मिस्त्रीने यास आपल्या परीने दुजोरा दिला. विशिष्ट वेगास गाडीचा आरसा थरथरतो आणि वेग वाढविला की थांबतो, हे त्याने हजारदा पाहिले होते. मोटारीत क्लचच्या स्प्रिंगा हे धक्के गिळतात. विमानात टोकाला जड पंखा असतो, आणि धक्के गिळणारी जोडणी मुद्दाम, हिशेबाने बनवावी लागते.

तिसऱ्या दिवशी वहीत आणखी तीन नोंदी झाल्या. रस्त्यावर धावणारी मोटार आपल्या शक्तीचा लहानसा हिस्साच वापरते. विमानाचे इंजिन मात्र उडताना पूर्ण आणि नंतर तासन् तास दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश शक्तीने राबते. ती उष्णता वाहून नेण्यास केवढा रेडिएटर हवा? दुसरी नोंद वजनाची. रेडिएटर, पाणी व पट्ट्याचा सांगाडा यांचे वजन नाकाशी गेले की तराजूचे एक पारडे खाली जावे तसे विमान नाकावर कलते, आणि मग शेपटीला ते सावरत नाही. तिसरी नोंद मिस्त्रीने सांगितली म्हणून आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, गाडी बंद पडण्याचे कारण बहुधा इंजिनाच्या पोटात नसते. एखादी सुटलेली तार, गळका पाइप, तुंबलेले पेट्रोल हेच असते. रस्त्यावर माणूस खाली उतरून ते पाहतो. म्हणूनच विमानाच्या इंजिनास प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणगीचे प्लग व त्यांच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. या मोटारीच्या इंजिनास एकच.

चौथ्या दिवशी भाच्याने आपण होऊन एक विषय काढला. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर वर्तमानपत्रातील एक कात्रण होते. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी गावच्या एका तरुणाचे ते होते. आठवीपर्यंत शिकलेला, पत्रे-लोखंड जोडण्याच्या कामात वाढलेला हा २४ वर्षांचा तरुण मारुती ८०० चेच इंजिन घेऊन हेलिकॉप्टर बांधीत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनास थोडेच दिवस उरले असता, जमिनीवरच चाचणी घेताना शेपटीचा पंखा तुटला, तो मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचे पाते त्याच्या डोक्यास लागले. त्यातच त्याचा अंत झाला.

"मामा," भाचा बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्याचे इंजिन चालू होते."

होय. इंजिन चालू होते. तुटले ते इंजिनास जोडलेले काहीतरी. आम्हांस त्या तरुणाविषयी तुच्छतेचा एक शब्दही लिहावयाचा नाही. त्याच्या हातांत कसब होते, छातीत हिंमत होती. त्याच्याजवळ नव्हता तो वही घेऊन शेजारी बसणारा कोणी माणूस. आणि अशा मुलांना टाळ्या देणारे आमच्यासारखे लोक कधीच कमी नसतात.

मग आम्ही त्यास राईट बंधूंची हकीकत सांगितली. तीन वर्षे, १९०० पासून १९०२ पर्यंत, त्यांनी बिनइंजिनाच्या विमानांवर हवेत तोल सावरण्याचा अभ्यास केला. त्यानंतर त्यांनी इंजिनासाठी कारखानदारांना पत्रे लिहिली. मनाजोगते इंजिन कोणाकडेच मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन तेथेच घडविले. त्या इंजिनाची गती सायकलसारख्या साखळ्यांनी कमी करूनच त्यांनी पंखे फिरविले. म्हणजे त्यांच्या कामात इंजिन सर्वांत शेवटी आले. आमच्या भाच्याने त्यालाच पहिले स्थान दिले होते. आपल्या मुंबईतही अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. पण ते स्वतः शिकलेले वैमानिक होते. २०१६ साली ते विमान प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळण्यास २०१९ साल उजाडले. गच्चीवर बांधलेल्या विमानासही इतके थांबावे लागले.

रविवार उजाडला. ताई सकाळपासून देवापुढे बसली होती. गॅरेजात मिस्त्री, भाचा व आम्ही असे तिघे जमलो. भाच्याने भिंतीशी उभा असलेला पंखा उचलला, आम्हांकडे पाहिले आणि तो घरात नेऊन माळ्यावर ठेवून दिला. पंख्याविनाच इंजिन सुरू करण्यात आले. दर पाच मिनिटांनी पाण्याची उष्णता व मिनिटाचे फेरे तो वहीत लिहीत होता. तासाभरात एका नळीतून पाणी गळू लागले. मिस्त्रीने इंजिन बंद केले. त्या गळतीची नोंद भाच्याने ज्या आनंदाने केली, तो आनंद आमच्या चार पानी पत्राने त्यास कधी झाला असेल असे आम्हांस वाटत नाही.

निघण्याच्या दिवशी कपाटातील ते पत्र काढून टाकावे असे आम्ही सुचविले. त्याने ते मानले नाही. मात्र त्याच्या शेजारी आता गणिताचे पान चिकटविले आहे.

विद्यार्थी मित्रहो, 'मी वैमानिक झालो तर' या विषयावर आम्ही दरवर्षी तुम्हांकडून निबंध लिहून घेतो आणि सुंदर शब्दांना गुण देतो. यंदापासून त्या निबंधात निदान एक तरी आकडा असावा, अशी आमची अपेक्षा राहील. पालकांनाही एक नम्र विनंती. आपले मूल भंगारातून एखादे यंत्र घेऊन आले, तर त्याला हाकलून देऊ नका, आणि नुसती शाबासकी देऊनही मोकळे होऊ नका. एक वही घ्या आणि त्याच्या शेजारी बसा.

भाच्याचे पत्र परवाच आले. इंजिन घोडीवर एकूण चाळीस तास चालले. पंखा अद्याप माळ्यावरच आहे.