पोटाला शुद्धिपत्र नसते

माझा सबंध जन्म मुद्रितशोधनात गेला. दुसऱ्यांच्या चुका काढून त्याबद्दल पगार घ्यायचा, असा हा मोठा सुखाचा धंदा. खिळ्यांच्या छपाईच्या दिवसांत मी त्यात शिरलो आणि खिळे जाऊन संगणक आले तरी माझी पेन्सिल काही हातातून सुटली नाही. निवृत्त झालो, पण डोळे निवृत्त व्हायला तयार नाहीत. लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की दुकानावरची पाटी असो, आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसते, मग मजकूर. उपाहारगृहात पदार्थांचे कार्ड हाती आले की मंडळी काय मागवायचे याचा खल करतात आणि मी 'कोथींबिर वडी'तल्या वेलांट्या मोजत बसतो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "यांना कुठंही न्या, हे आधी कार्डच खातात."

या सवयीचा मला थोडा अभिमानच होता. तो गेल्या दोनतीन वर्षांत कसा उतरला, त्याचीच ही हकिगत आहे.

आमची नात सहा वर्षांची असताना सारखी आजारी पडू लागली. पोट फुगायचे, उंची वाढेना, चेहरा पांढराफटक. आम्ही म्हाताऱ्यांनी दृष्ट काढली, डॉक्टरांनी रक्त काढले. पुढे दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झाले: सीलिअ‍ॅक. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या आजाराच्या माणसाने ते खाल्ले की त्याचे स्वतःचे शरीरच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. औषध एकच. जन्मभर गहू वर्ज्य.

घरात सुतकी शांतता पसरली. डॉक्टरांनी आम्हाला धीर द्यावा म्हणून एक गोष्ट सांगितली. हॉलंडमध्ये डिके नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. मुलांच्या या दुखण्याचे मूळ गव्हात असावे असा त्यांना बरेच दिवस संशय होता. महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे भयंकर अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी, आणि ही आजारी मुले मात्र सुधारू लागली! पुढे पाव परत आला तसे त्यांचे दुखणेही परत आले. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हे सारे मांडले. डॉक्टर म्हणाले, "त्याआधी अशा मुलांचं काय करावं तेच कळत नसे. तुमच्या नातीला निदान शत्रूचं नाव तरी ठाऊक आहे."

शत्रूचे नाव ठाऊक झाले, पण त्याची सोंगे कुठे ठाऊक होती? पोळी गेली, हे सर्वांना समजले. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हे चार सोयरे घरी राहायला आले. भाकरी थापताना सौ.च्या बांगड्या पुन्हा वाजू लागल्या. पण रवा म्हणजे गहूच, मैदा म्हणजे गहूच, शेवया म्हणजेही गहूच. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, म्हणून भात असूनही गाडीवरचा चायनीज भात बाद. आणि सगळ्यांवर कडी केली हिंगाने. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. म्हणजे पन्नास वर्षे आम्ही वरणाला फोडणी देत होतो, ती चिमूटभर गव्हासकट! सौ.ने त्या दिवशी हिंगाची डबी हातात घेऊन तिच्याकडे असे काही पाहिले की, जणू सख्ख्या बहिणीने दगा दिला होता. चिमटीचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. 'ग्लुटेनमुक्त' म्हणायला किलोभर पदार्थात वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. आता चिमटीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

घर सांभाळता येते. पंचाईत होते ती घराबाहेर. आपल्याकडे पाहुण्याने 'यात काय घातले आहे?' असे विचारणे म्हणजे यजमानिणीच्या हाताचा अपमान. पंगतीत तर आग्रहाला ऊत येतो. "एक घास घे गं, एका घासानं काय होतंय?" असे म्हणणारी माणसे मनाने प्रेमळच असतात. म्हणूनच त्यांची भीती वाटते. उपाहारगृहात आग्रह नसतो, पण आत्मविश्वास असतो. एकदा मी विचारले, "यात गहू आहे का?" वाढणारा पोऱ्या अगदी तत्परतेने म्हणाला, "छे हो काका, गहू नाही. मैदा आहे."

आम्ही पोट धरून हसलो. नात मात्र हसली नाही. ती नऊ वर्षांची झाली होती. घरी येताना म्हणाली, "आजोबा, मला एकदा तरी कार्ड बघून मागवायचंय. सगळे मागवतात तसं."

तिची ही इच्छा पुरी करणे माझ्या हातात आहे असे मला वाटले. घराजवळ एक लहानसे उपाहारगृह आहे. मालक माझ्या ओळखीचे. वर्षभरापूर्वी त्यांनी नवे कार्ड छापायला घेतले तेव्हा, 'आजोबा, जरा नजर टाका' म्हणून मसुदा माझ्याकडेच दिला होता. त्यात एक ओळ होती: 'ज्वारिचे थालिपिठ (गहुविरहीत)'. मी तीन वेलांट्या दीर्घ केल्या, एक ऱ्हस्व केली, 'गहु'चा 'गहू' केला आणि समासात सही करून कागद परत दिला. हे सारे मला चांगले आठवत होते. म्हणूनच त्या संध्याकाळी नातीला घेऊन तिथे बसलो तेव्हा मी मोठ्या दिमाखात त्या ओळीवर बोट ठेवले. तिने स्वतःच्या तोंडाने मागणी सांगितली. मी वाढणाऱ्या मुलाला विचारले, "गहू नाही ना रे यात?" तो म्हणाला, "नाही काका. लिहिलंय ना कार्डावर." लोण्याचा गोळा ठेवलेले थालीपीठ आले. नातीने ते इतक्या ऐटीत खाल्ले, की मला माझे स्वतःचे जेवायचे सुचेना.

रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या. दोन दिवस ती अंथरुणाला खिळून होती. तिसऱ्या दिवशी शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि तिचा नाच होता. आईने शिवलेला परकर खुंटीवर लटकत राहिला आणि ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "आजोबा, मी तर कार्ड बघूनच मागवलं होतं ना?"

मी चपला घातल्या आणि तडक उपाहारगृह गाठले. आयुष्यात मी भांडलो ते शुद्धलेखनावरून. त्या दिवशी खरे भांडायला निघालो होतो. मालकांना कार्ड दाखवून जाब विचारला. त्यांनी वाढणाऱ्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, "कार्डावर होतं तेच मी सांगितलं. आत काय घालतात ते मला काय ठाऊक?" मग आचाऱ्याला बोलावले. तो दिवाळीनंतर कामाला लागलेला. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "ज्वारीचं पीठ नुसतं थापलं तर तव्यावर मोडतं, आजोबा. गिऱ्हाईक तुकडे घेत नाही. मी मूठभर कणीक घालतो. कार्डात काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नाही, आणि मला कधी कुणी विचारलंही नाही." क्षणभर थांबून त्याने विचारले, "पोरीला आता बरं आहे ना?"

त्या साऱ्या प्रकारात तिची चौकशी प्रथम त्यानेच केली.

हे प्रकरण मला नवे नव्हते. छापखान्यात चूक सापडली की नेमके असेच होई. लेखक जुळाऱ्याकडे बोट दाखवी, जुळारी हस्तलिखिताकडे, हस्तलिखित मुद्रितशोधकाकडे. एकदा एका लग्नपत्रिकेत 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' यातला 'नाहीत' गळाला होता. यजमान मनातून खूषच झाले, म्हणून ते निभावले. पण तेव्हाही चूक कुणाची हे ठरले नाही ते नाहीच. आता मी मालकांकडे बोट रोखून उभा होतो. मालक तसे भले गृहस्थ. खाली मान घालून ते हळूच म्हणाले, "पण आजोबा, कार्ड तुम्हीच तपासून दिलं होतंत ना?"

मी मटकन बाकावर बसलो.

खरेच होते ते. त्या ओळीवर माझी सही होती. 'गहूविरहित' या शब्दात वेलांटी कुठली हवी ते मी पाहिले. त्या शब्दात गहू आहे की नाही ते पाहिले नाही. आपण विचारायला हवे होते की, 'हे लिहिता खरे, पण आत सांगितले आहे का?' माझ्या घरात अशी मुलगी असताना मला ते सुचू नये! उलट तो शब्द मीच शुद्ध केला म्हणून माझा त्याच्यावर अधिक विश्वास बसला. शुद्धलेखन शुद्ध होते; अन्न तेवढे नव्हते.

मग जबाबदारी कुणाची? मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. कायदा आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा, आणि कार्डावर काय मांडावे याचे नियम २०२० सालचे. ज्यांच्या शाखा दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी आहेत त्यांनी उष्मांक छापावेत, गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशा बाधणाऱ्या वस्तूंची माहिती द्यावी, असे त्यांत सांगितले आहे. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून अशा चौदा वस्तूंची माहिती उपाहारगृहांनाही द्यावी लागते. हे सारे उत्तमच आहे. पण कायदा कार्डावर अक्षर आणू शकतो. ते अक्षर आचाऱ्याच्या मुठीपर्यंत माणसांनीच पोचवावे लागते. कार्ड वर्षातून एकदा छापतात, स्वयंपाक रोज होतो. आचारी बदलतो, पीठ बदलते, हिंगाची डबी बदलते, आणि कार्डावरचा शब्द मात्र तसाच हसत असतो. पूर्वी खाणावळीत 'आजचा बेत' खडूने फळ्यावर लिहीत. तो रोज पुसावा लागे, म्हणून बहुधा खराही असे.

माझ्यापुरता मी एवढा निवाडा केला आहे. ज्याने लिहिले त्याने कळवावे, ज्याने रांधले त्याने सांगावे, ज्याला ठाऊक नाही त्याने 'नाही' म्हणू नये, आणि ज्याचे पोट आहे त्याने संकोच सोडून पुन्हा विचारावे. यातला एक जरी चुकला तरी उरलेल्या तिघांचा खरेपणा वाया जातो. पुस्तकात चूक राहिली तर शेवटच्या पानावर शुद्धिपत्र जोडता येते. पोटाला शुद्धिपत्र नसते.

त्या दिवशी मालकांनी माझ्यासमोर साऱ्या कार्डांवरचा तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिले, 'यात थोडी कणीक असते.' पुढे दोन महिन्यांनी नात स्वतःच म्हणाली, "आजोबा, जाऊ या का तिथं?" माझ्या पोटात गोळा आला, पण गेलो. वाढणाऱ्या मुलाने तिला ओळखले. तिने विचारले, "इडली चालेल का मला?" तो म्हणाला, "माहीत नाही. विचारून येतो." आत जाऊन आला आणि म्हणाला, "नको म्हणतात. आज त्याच भांड्यात रव्याच्या इडल्या झाल्यात." तिने लिंबाचे सरबत मागवले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला आज इथलं खूप आवडलं." इतकी वर्षे मी उपाहारगृहांची वाखाणणी चवीवरून करीत आलो, 'माहीत नाही' या शब्दांवरून करायला मला तिने शिकवले.

परवा शेजारच्या काकूंकडून फराळाची ताटे आली. एक आमचे नेहमीचे: करंज्या, शंकरपाळे, चिवडा. दुसरे छोटे, वेगळ्या फडक्याने झाकलेले, त्यावर नातीचे नाव. त्यात चकल्या होत्या, आणि सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: चकली कशाकशाची केली, हिंग घातला नाही, तळणीचे तेल नवे, कढई आधी घासून घेतली, सोऱ्यासुद्धा. खाली एक ओळ: 'बेसनाचे लाडू पाठवत नाही, कारण बेसन गिरणीतून दळून आणले आणि त्याआधी तिथे गहू दळले होते. राग नसावा.'

नातीने ती चिठ्ठी दोनदा वाचली, मग पहिली चकली मोडली. न पाठवलेल्या लाडवांनी तिचे डोळे का भरून आले, ते मी तिला विचारले नाही. माझे स्वतःचेही जरा पाणावले होते.

चिठ्ठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका होत्या. पेन्सिल माझ्या खिशातच होती. मी एकही सुधारली नाही.